जुळलेला चेहरा हा पुरावा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक जागी चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवताना ‘यंत्रणा ९९.९ टक्के अचूक आहे’ असे सांगितले जाते. आकडा खरा धरूनच हिशेब मांडू. स्थानकातून दिवसाला ५०,००० माणसे जातात आणि हजारात एकाचा चेहरा चुकून पोलिसांना हव्या असलेल्या माणसांच्या यादीतल्या कुणाशी जुळतो. म्हणजे रोज ५० निरपराधांवर संशय. त्याच गर्दीत खरेच हवे असलेले पाच जण असले आणि पाचही सापडले, तरी ५५ पैकी ५० इशारे खोटे. यंत्रात काही बिघडलेले नसताना हे होते, कारण गर्दीच्या मानाने हवी असलेली माणसे मूठभरच असतात.

यंत्र मुळात ‘हा तोच’ असे सांगतच नाही. ते चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करते, साठवलेल्या आकड्यांशी साम्य मोजते आणि साम्य ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेले की इशारा देते. मर्यादा खाली आणली तर खोटे इशारे वाढतात, वर नेली तर हवी माणसे निसटतात. ती कुठे ठेवायची हा स्वातंत्र्याशी थेट निगडित निर्णय आहे आणि तो यंत्र बसवणाऱ्या कंपनीवर सोडता कामा नये. शिवाय चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. त्यांतल्या अनेकींमध्ये आशियाई व आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची चुकीची जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट आढळली.

सर्वांत घातक चूक मात्र यंत्राच्या पुढच्या टप्प्यावर होते. अंधूक चित्रणातला चेहरा पोलिसांच्या फोटो-संग्रहात शोधला की अनेक प्रणाली सर्वाधिक साम्य असलेल्यांची यादी देतात. खरा गुन्हेगार संग्रहात नसला तरी कुणीतरी पहिला येतोच. मग त्याचा फोटो इतर चार-पाच फोटोंत मिसळून साक्षीदाराला दाखवतात. साक्षीदार त्याच्यावरच बोट ठेवतो, कारण यंत्राने त्याला सारखा दिसतो म्हणूनच निवडलेले असते. कागदोपत्री दोन पुरावे होतात, प्रत्यक्षात एकच चूक दोनदा मोजली जाते. डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका निरपराध गृहस्थाला अशीच अटक झाली. जून २०२४ च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांना मान्य करावे लागले की केवळ जुळणीवरून, किंवा जुळणीपाठोपाठ घेतलेल्या फोटो-ओळखीवरून, अटक करायची नाही. हा नियम सर्वत्र हवा.

ब्रिटनच्या अपील न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी साउथ वेल्स पोलिसांनी केलेला या कॅमेऱ्यांचा वापर बेकायदा ठरवला, तो यादीत कुणाला घालायचे आणि कॅमेरा कुठे लावायचा हे बरेचसे पोलिसांच्या मर्जीवर सोडले होते म्हणून. युरोपीय संघात २ फेब्रुवारी २०२५ पासून पोलिसांनी सार्वजनिक जागी कॅमेऱ्यातून त्याच क्षणी चेहरे ओळखण्यावर बंदी आहे. मोजक्या अपवादांतही न्यायालयाची किंवा स्वतंत्र प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. तातडी असेल तर आधी वापर सुरू करून २४ तासांत अर्ज करायचा, आणि परवानगी नाकारली तर वापर तत्काळ थांबवून माहिती पुसायची.

तेव्हा कॅमेरा लावण्याआधी यादीत कोण, कुणाच्या सहीने आणि किती दिवसांसाठी, हे नियम जाहीर झाले पाहिजेत. न जुळलेले चेहरे तिथल्या तिथे पुसावेत. खोट्या इशाऱ्यांचीही नोंद ठेवावी, नाहीतर अचूकतेचा दावा तपासणार कसा? अडवलेल्या माणसाला कारण लेखी मिळावे. मोर्च्यात आणि सभेत तर हे कॅमेरे नकोतच. तिथे एकालाही अटक झाली नाही तरी पुढच्या वेळी लोक यायला कचरतात. आणि निर्दोष सुटलेल्याचा फोटो मूळ संग्रहातून काढून भागत नाही. इतर ठाण्यांना आणि खात्यांना गेलेल्या प्रती तशाच राहतात आणि तोच माणूस पुन्हा अडवला जातो. म्हणून प्रत कुणाला दिली याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि नाव वगळल्याचा आदेश त्या प्रत्येकाला बंधनकारक असावा.

आपला,
एक वाचक