नाग नदी जिथून निघते

नागपूर,
रविवार, रात्री अकरा

प्रिय दोस्ता,

हात दोनदा धुतले तरी सावजी मसाल्याचा वास बोटांना आहेच. तरी आजच लिहायला बसलो, उद्यावर टाकलं की राहून जातं. दहावीत असताना आपण ठरवलं होतं, नाग नदी जिथून निघते तिथे सायकलनं जायचं. आज जाऊन आलो. सायकल नव्हती, तूही नव्हतास. सोबत आमची धाकटी होती.

चार दिवस झड लागलेली, आज सकाळी उघाड पडली. वाडीपर्यंत बस, पुढे लावा गावापर्यंत ऑटो. वाडीतले ट्रक आणि गोदामं तुला ठाऊकच आहेत. ते मागे पडलं की लगेच वावरं लागतात. पांदणीनं निघालो तर काळी माती चपलांना एवढी चिकटली की पाऊल उचलेना. धाकटीनं चपला हातात घेतल्या, मग मीही घेतल्या. किती वर्षांनी अनवाणी चाललो! धुऱ्यांवर तरोटा पिवळाधमक फुललाय, पऱ्हाटीला पात्या धरल्यात, सागाच्या शेंड्यांवर पांढुरके तुरे आलेत. टेकडीचा मुरूम लागला तसे पाय हलके झाले. टिटवी आमच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती, तिची अंडी जवळपास असतील या भीतीनं धाकटी प्रत्येक दगड बघून पाय टाकत होती.

वर एक म्हातारे गुराखी भेटले. "कुठं चालले जी?" म्हणाले.

"नाग नदी पाहाले आलो, काका."

"नदी कुठची जी इथं? हा तं नाला होय. पाऊस आला का वाहते, उन्हाळ्यात दगडं उरते."

आणि काठीनं त्यांनी दाखवलं ते खरंच एवढंसं होतं. घोटाभर पाणी, खाली काळे पाषाण, तळ स्पष्ट दिसत होता. शहरात जिच्यावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो, तीच ही. धाकटी ओंजळीत पाणी घेऊन "बाबा, हिला वास नाही!" म्हणाली, आणि मी तिथेच दगडावर बसलो.

तुला एक सांगतो, आजवर कुणाला बोललो नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या त्या पहाटेनंतर मला पावसाचा आवाज सहन होत नव्हता. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी. बाबांना खांद्यावर घेऊन जिना चढलो तेव्हा तू पुण्याहून फोनवर होतास, उजाडेपर्यंत ठेवला नाहीस. तेव्हापासून बाबा रात्री पाऊस लागला की उठून बसतात. कागदपत्रांची पिशवी अजून माळ्यावरच आहे. हेच पाणी इथून १८७० मध्ये बांधलेल्या अंबाझरीकडे उतरतं, तिथून आपल्या सगळ्या वस्त्यांमधून वाहत पिवळी नावाच्या नदीला भेटतं, मग कन्हान, मग वैनगंगा. इथे ते माझ्या पायाच्या बोटांमधून जात होतं. मी बराच वेळ पाय काढले नाहीत.

परतताना धाकटी म्हणाली, आजोबांना बाहेर जेवायला नेऊ. बाबा दोन वर्षांत संध्याकाळी घराबाहेर पडले नव्हते, पण सावजीचं नाव काढताच त्यांनी धोतर बदललं. महाल वस्तीच्या बाजूला गेलो, त्याच लाकडी बाकांच्या भोजनालयात. अजून तसंच आहे. स्टीलच्या वाटीत काळसर मटण रस्सा, वर लाल तर्रीचा थर, जवसाच्या तेलाचा तो ओळखीचा वास, गरम भाकर, कांदा, लिंबू. मला पाटोडी रस्सा, श्रावण संपला तरी मी अजून मटणावर आलेलो नाही. बाबा धाकटीला सांगत बसले, ही हलबा कोष्टी विणकरांच्या घरची चव, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांची. खसखस, खोबरं, धणे, दगडफूल भाजून पाट्यावर कसं वाटायचे, त्यांच्या लहानपणी शेजारच्या काकू वाटीभर रस्सा कशा धाडायच्या. धाकटीच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी ती वाटी सोडेना. दीड तास बसलो. कुणी उठा म्हटलं नाही.

भाकरी संपत आली तेव्हा पत्र्यावर पुन्हा थेंब वाजायला लागले. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी वाढणाऱ्याला हाक मारली, "थोडी तर्री आण बापू," आणि मला म्हणाले, "तिथपर्यंत ऑटो जातो का रे? मलाही पाहायची आहे ती."

टेकडीपर्यंत ऑटो जात नाही, शेवटचा टप्पा चालावाच लागतो. तू दसऱ्याला येणारच आहेस. एका बाजूनं तू धर, एका बाजूनं मी. तोवर पाणी असेल. जुनी चप्पल घेऊन ये, चांगली आणू नकोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दोस्त