लव्हाळ्याचे औषध विचारणाऱ्या मित्रास पत्र

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे पत्र मिळाले. निपाणीच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे आणि नातू रांगायला लागला आहे, हे वाचून फार बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू सहज एक ओळ लिहिली आहेस, ‘परड्यात लव्हाळा माजला आहे, तू श्रावणात कोणते औषध मारलेस त्याचे नाव कळव.’ तुझ्या त्या एका ओळीला हे एवढे मोठे उत्तर आहे. त्या औषधाचे नाव मला आजही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरात दोन महिने जे झाले ते मी तुला फोनवर नीट सांगितले नव्हते.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. मागच्या परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यापासून थेट गोठ्याच्या भिंतीपर्यंत, लव्हाळा आणि हरळी गुडघाभर वाढली होती. पूर्वी अशा वेळी गल्लीतल्या दोघी-तिघी बायका भांगलायला येत आणि दुपारपर्यंत खुरप्याने परडे स्वच्छ करून, चहा घेऊन जात. आता भाताच्या भांगलणीलाच बायका मिळत नाहीत, तेथे माझ्या परड्याची काय कथा? म्हणून मी एका दुकानात गेलो आणि ‘गवताचे औषध द्या’ एवढेच म्हणालो. दुकानदाराने मोठ्या कॅनमधून अर्धा लिटर द्रव पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिला. बाटलीवर ना चिठ्ठी, ना नाव, ना मुदत. सोळा लिटरच्या पंपाला किती घालायचे ते त्याने तोंडी सांगितले, आणि गवत फार जून आहे म्हणून मी माझ्या मनाने थोडे जास्तच घातले.

पाठीवरचा पंप शेजाऱ्यांचा होता. त्याच्या झाकणाचा वायसर झिजलेला आहे हे मला पाठ ओली होईपर्यंत कळले नाही. त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती, पण राजहंसगडाच्या बाजूने वारा सुटला आणि तुषार तोंडावर येऊ लागले. दुसरा पंप संपेपर्यंत मी थांबलो नाही. अंगात सुती सदरा, पायात काही नाही, तोंडाला उपरणे. काम झाल्यावर हातपाय धुतले, सदरा बादलीत टाकला आणि जेवायला बसलो. अंघोळ संध्याकाळी केली.

रात्री डोळ्यांची आग सुरू झाली. सकाळी पाठीवर पंपाच्या पट्ट्यांच्या जागी तांबडे वळ उठले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी भरलेले फोड आले. घसा सोलल्यासारखा झाला आणि कोरडा खोकला लागला. ते मी सोसले असते. मला आजही खुपते ते वेगळेच आहे. तुझ्या वहिनीने तो सदरा नेहमीसारखा इतर कपड्यांबरोबर हाताने धुतला, आणि चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही हातांची बोटांमधली कातडी सोलून निघाली. तिने पंपाला हातही लावला नव्हता. नागपंचमीला हौसेने काढलेली मेंदी नखांच्या कडेला अजून होती आणि तिच्या भोवती कातडीचे पापुद्रे सुटत होते, हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सांडपाण्याकडेचे अळू तर दोन दिवसांत माना टाकून पिवळे पडले. त्याची पाने फदफद्यासाठी कापायला ती निघालीच होती. मी पाहिले म्हणून वाचलो.

बेळगावातील एका रुग्णालयात गेलो तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘औषध कोणते होते?’ मी म्हणालो, ‘गवताचे.’ त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. मग त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितले की नावावाचून त्यांचे हात बांधलेले आहेत. गवत मारणारी औषधे एका जातीची नसतात. ग्लायफोसेट असेल तर कातडी, डोळे आणि घसा यांचा दाह होतो, तो बहुधा काही दिवसांत ओसरतो. टू-फोर-डी असेल तर पाहण्याच्या गोष्टी वेगळ्या. पण पॅराक्वाट असेल तर गोष्ट फार गंभीर, कारण त्यावर उतारा नाही, ते फुप्फुसात साठते, सुरुवातीला माणूस बरा दिसतो आणि काही दिवसांनी फुप्फुसे कडक होऊ लागतात. इतकेच नव्हे, तर दम लागलेल्या माणसाला आपण लगेच लावतो तो प्राणवायूही त्या विषबाधेत सरसकट देता येत नाही, कारण त्याने फुप्फुसांची हानी वाढते. मित्रा, हे ऐकल्यावर मी त्यानंतरचे दोन आठवडे कसे काढले असतील याची कल्पना कर. रोज सकाळी जिना चढून उतरायचा आणि दम लागतो का ते पाहायचे, एवढाच माझा उद्योग होता.

दुकानात परत जाऊन विचारले. मालक म्हणाला, ‘तेच ते, नेहमीचे.’ त्याच्या नोकराने एक नाव सांगितले, मालकाने दुसरे. कॅन तोवर संपून भंगारात गेला होता. माझ्या कागदांवर आजही ‘अज्ञात तणनाशकाशी संपर्क’ एवढेच लिहिलेले आहे.

आता मी बरा आहे. फोडांचे डाग राहिले आहेत आणि खोकला महिनाभर टिकून गेला. तो खोकला त्या औषधाचाच होता असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण पावसाळ्यात मला दरवर्षी खोकला येतो हे तुला शाळेपासून माहीत आहे. पाठीचे वळ आणि तुझ्या वहिनीचे हात मात्र त्याचेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या दोन महिन्यांत मी या विषयावर जे मिळेल ते वाचले. ग्लायफोसेट १९७४ साली अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीने राउंडअप या नावाने बाजारात आणले. ते वनस्पतींच्या ज्या जैविक प्रक्रियेवर घाव घालते ती प्रक्रिया माणसाच्या शरीरात नसते, म्हणून ते माणसाला निर्धोक आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. पण बाटलीत नुसते ग्लायफोसेट नसते. पानावर द्रव पसरून आत मुरावा म्हणून त्यात साबणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि त्यांतील चरबीपासून बनवलेले एक द्रव्य युरोपने २०१६ साली ग्लायफोसेटच्या औषधांतून काढून टाकायला लावले. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. अमेरिकेची पर्यावरण संस्था मात्र नेहमीच्या वापरात तसा धोका संभवत नाही असे म्हणत आली, आणि युरोपने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची परवानगी आणखी दहा वर्षांनी वाढवली. दोन्ही बाजू वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की कर्करोगाचा वाद शास्त्रज्ञांनी मिटवायचा आहे, आपण त्यात निकाल द्यायला बसू नये; पण तो मिटेपर्यंत नातवाच्या गुडघ्याखालच्या जमिनीवर ते ओतण्याची घाईही आपल्याला नाही.

कॅलिफोर्नियातील ड्वेन जॉन्सन या माणसाची हकीकत मी दोनदा वाचली, कारण तो शाळांच्या मैदानांची निगा राखणारा होता, आपल्यासारख्या मास्तरांच्याच आवारातला. फवारताना दोनदा तो त्या द्रवाने भिजला होता. पुढे त्याला लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने त्याला २८.९ कोटी डॉलर भरपाई ठरवली; वरच्या न्यायालयांत ती कमी होत सुमारे २ कोटी डॉलरवर आली. कंपनीने औषधामुळे कर्करोग होतो हे कधीच मान्य केले नाही. मला त्यातली भरपाईची रक्कम महत्त्वाची वाटली नाही. आपण काय फवारत होतो, केव्हा, किती वेळा, कसे भिजलो, हे तो माणूस न्यायालयात सांगू शकला. मला तसे विचारले असते तर मी पाण्याच्या बाटलीपलीकडे काय सांगितले असते?

आपल्याकडेही २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती, पण पाठीवर गळणारा पंप आणि उलटा वारा तेथेही हेच होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट केवळ कीडनियंत्रणाच्या परवानाधारकांमार्फतच वापरावे असा आदेश काढला. मी मारलेले औषध ग्लायफोसेट असेल, तर मी ते मारायलाच नको होते.

आमच्या गावात पंपामागे पैसे घेऊन फवारणी करणारा एक तरुण आहे. उसात, भाताच्या बांधांवर, कोबीच्या वाफ्यांत, दिवसाला पंधरा पंप मारतो. त्याच्या नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा आहेत आणि अंगठ्याचे नख अर्धे निघालेले आहे. मी विचारले तर म्हणाला, ‘मास्तर, पयल्यांदा डोळं चुरचुरत्यात, मग सवय हुत्या.’ तो बांधावर बसून त्याच हातांनी भाकरी मोडत होता. मी त्याला साबणाची वडी आणि रबरी हातमोजे नेऊन दिले. मोजे त्याने एक दिवस घातले, उन्हाने हात उकडतात म्हणून सोडून दिले. त्याला दोष देणे मला जमत नाही. त्याची मजुरी पंपांच्या संख्येवर ठरते, आणि मोजे घालून पंप कमी होतात.

शेवटी मी दुसऱ्या दुकानातून एका सीलबंद बाटलीची माहितीपत्रिका मागून आणली. घडीवर घडी घातलेला तो कागद उलगडला तर चादरीएवढा झाला, आणि अक्षर मोहरीएवढे. कानडी, हिंदी आणि इंग्रजी. माझे कानडी बोलण्यापुरते आहे, तुझ्या वहिनीला तर वाचताच येत नाही. नात शाळेत कानडी शिकते, तिने भिंग घेऊन अडखळत वाचून दाखवले, आणि पहिल्याच ओळीत ‘विष’ शब्द आला तेव्हा तिला अर्थ सांगावा लागला नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, मोजे, चष्मा आणि बूट घालावेत, कपडे वेगळे धुवावेत, काम संपताच अंघोळ करावी, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे, आणि डॉक्टरकडे जाताना बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्यावे: मी जे जे केले नाही ते सगळे तेथे छापलेले होते. लेबलावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, तो तू कुठल्याही दुकानात पाहू शकतोस. तांबडा सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि हिरवा सर्वांत कमी.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, तू औषध आणू नकोस. हे पत्र पोहोचण्याआधी आणलेच असशील, तर ते गटारात ओतू नकोस आणि दुसऱ्या बाटलीत तर मुळीच काढू नकोस. आहे त्या बाटलीत, नातवाचा हात पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेव आणि लेबलाचा फोटो काढून मला पाठव. मारून झाले असेल, तर किती तारखेला आणि किती मारले ते वहीत लिहून ठेव, आणि नातवाला काही आठवडे त्या बाजूला सोडू नकोस.

लव्हाळा खुरप्याने जातो, पण एका वेळेत जात नाही. वरचे पाते कापून उपयोग नसतो. खाली काळ्या गाठी असतात, त्या मातीसकट उकरून काढाव्या लागतात आणि दर पंधरा दिवसांनी नवे कोंब दिसले की पुन्हा काढावे लागतात, तेव्हा कुठे गाठींतला जोर सरतो. आमच्या परड्यात औषधाने जळालेला लव्हाळा नवरात्रात पुन्हा हिरवा झाला. आता रोज सकाळी अर्धा तास मी तेथे बसतो, आणि गोठ्याच्या बाजूचा निम्मा तुकडा मोकळा झाला आहे.

गुरुवारी, १६ तारखेला, सकाळच्या बसने निपाणीला येतो. माझी दोन्ही खुरपी पाजवून आणतो. वहिनींना सांग, जेवायला मी आहे.

तुझा स्नेही