पाच किलो तांदूळ आणि एक स्लिंग

ठाणे, २० एप्रिल

प्रिय सुमे,

तुझा फोन आला तेव्हा चिकू मांडीवर पेंगत होता, म्हणून तुटक बोलले. रागावली नाहीस ना? तसंही 'बाळाला अंगावर बांधून घ्यायला कुठला कॅरिअर घेऊ' हे फोनवर उरकण्यासारखं नव्हतंच.

मी पहिला घेतला तो बकलांचा, जाडजूड, खिसेच खिसे. बाळाचं तोंड बाहेर करून बसवता येतं म्हणून दुकानात भुलले. घरी चिकूला बसवलं तर सगळा भार मांड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर, आणि पाय आपले लोंबताहेत. डॉक्टरबाईंनी बघितलं मात्र, म्हणाल्या, "अहो, आजी कडेवर कसं घेते? मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणापेक्षा वर. तसं हवं." तान्ह्यांचा खुब्याचा सांधा कच्चा असतो गं. कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्याच्या खोबणीपर्यंत पोचलं पाहिजे, एवढं बघ. शिवाय त्याचा कमरपट्टा नेमका माझ्या टाक्यांवर यायचा. तुझंही सिझर, म्हणून आधी डॉक्टरांना विचार.

मग वहिनीनं तिची रिंग स्लिंग दिली. दोन मीटर सुती कापड, टोकाला दोन कड्या, बस्स. पहिले चार दिवस मी रडकुंडीला आले. कापड कड्यांत एका कोपऱ्यात गोळा व्हायचं आणि ओढलं तरी हलायचं नाही. शेवटी पाच किलो तांदळाची पिशवी बांधून आरशासमोर सराव केला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "तांदूळ तरी सांडू नकोस!" खरी गोम अशी की कापड कड्यांत पंख्यासारखं पसरायचं, आणि वरची किनार वेगळी, खालची वेगळी ओढायची. वरची सैल राहिली की बाळ मागे कलतं.

आता हे नीट वाच. बाळ उभंच घ्यायचं, झोळीत निजवल्यासारखं आडवं नाही. हनुवटी छातीला टेकता कामा नये, खाली दोन बोटं मावायला हवीत. नाक उघडं, आणि मान वाकवली की टाळूचा पापा घेता यावा इतकं वर. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं २०१० मध्ये स्लिंगबद्दल इशारा दिला होता, तो चार महिन्यांखालच्या बाळांसाठीच. कापडात गोल वळलेल्या तान्ह्याचा श्वास कोंडतो आणि ते रडतसुद्धा नाही. स्लिंग बांधून गॅसपाशी जायचं नाही. स्कूटरवर तर नाहीच, नवरा कितीही 'इथंच तर जायचंय' म्हणाला तरी.

ते रॅप, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं पाच मीटरचं ताणलं जाणारं कापड, नको घेऊस. नांदेडच्या उन्हात त्याचे तीन पदर म्हणजे दोघींना घामोळं. आजीचं लुगडं बांधावं असा मोह मलाही झाला होता. नऊवार, कापड मुबलक! पण जरा ताणून बघितलं तर टर्रकन फाटलं. त्याची गोधडी केली.

माझी स्लिंग धुऊन ठेवलीय. मामा रविवारी तिकडे येतोय, त्याच्याजवळ देते. आल्यावर कड्यांना कुठे चीर नाही ना, शिवण उसवलेली नाही ना, बघून घे. बाळ आठेक किलोचं झालं की एकच खांदा भरून येतो, तेव्हा रुंद बैठकीचा बकलवाला घे. माझा मात्र मागू नकोस. दुकानदारानं परत घेतला नाही, आता स्वयंपाकघरात खिळ्याला टांगून त्यात कांदे ठेवलेत.

तुझी,
वैशू