जिना हाउस पाडू नये

मलबार हिलवरील जिना हाउस पाडून टाकावे, या मागणीविषयीची बातमी वाचली; ही मागणी मला मान्य नाही. वास्तुरचनाकार क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार १९३०च्या दशकात बांधलेल्या याच घरी, सप्टेंबर १९४४ मध्ये, गांधीजी जवळच्या बिर्ला हाउसमधून जिनांशी बोलणी करण्यासाठी वारंवार जात होते आणि फाळणी टाळण्याचा तो मोठा प्रयत्न येथेच निष्फळ ठरला. जिनांच्या राजकारणाने देशाची अपरिमित हानी झाली, याबद्दल माझे दुमत नाही; परंतु घर जपणे म्हणजे घरमालकाचा गौरव करणे नव्हे. वास्तू केंद्र सरकारच्याच ताब्यात असल्याने तिचे निदान एक दालन त्या वाटाघाटींतील पत्रव्यवहार व छायाचित्रे यांसाठी राखून सर्वसामान्यांना खुले करावे.

— एक वाचक, गिरगाव, मुंबई