स्वतःवर विश्वास म्हणजे नेमका कोणावर?

चि. बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला निबंधाचा खर्डा काल रात्री दोनदा वाचला. भाषा नेटकी आहे, कष्टही दिसतात. परंतु दुसऱ्या पानावर 'स्वतःच्या मनाला पटेल तसे वागावे, हेच ट्रान्सेन्डेंटॅलिझमचे सार' असे जे वाक्य तू लिहिले आहेस, तिथे मी थांबलो. ट्रान्सेन्डेंटॅलिझम म्हणजे इंद्रियांपलीकडचे सत्य माणसाला आतूनच थेट कळते असे मानणारा, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन विचार. एम.ए.च्या वर्षांत मीही या विचाराचा प्रमुख लेखक इमर्सन असाच वाचला होता आणि पुढे बरीच वर्षे वर्गात तसाच शिकवला, याची मला खंत आहे. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून पत्र लिहितो आहे.

अमेरिकेतले बॉस्टन शहर आणि त्याच्या जवळचे कॉन्कर्ड गाव, हा या विचाराचा मुलूख. १८३६ साली इमर्सनचे 'नेचर' हे छोटे पुस्तक लेखकाच्या नावाविना निघाले आणि त्याच वर्षी काही धर्मोपदेशक, शिक्षक व लेखक एकत्र जमून चर्चा करू लागले. हार्वर्ड विद्यापीठात त्यांना जे तत्त्वज्ञान शिकवले गेले ते प्रामुख्याने इंग्रज तत्त्वज्ञ लॉकच्या परंपरेतले होते: मनाची पाटी जन्मतः कोरी असते आणि ज्ञान येते ते इंद्रियांच्या वाटेने. इंद्रियांनी न दिलेलेही काही मनापाशी असते, हा मुद्दा त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ कांटकडून घेतला, त्याला इंग्रज कवी कोलरिजच्या विचारांची जोड दिली आणि कांटला कदाचित मान्य झाले नसते इतके पुढे नेले. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेव. त्यांच्या लेखनात 'रीझन' हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ तर्कबुद्धी असा नसतो. सत्य थेट जाणणारी अंतःप्रज्ञा असा असतो. हिशेब मांडणाऱ्या बुद्धीला ते 'अंडरस्टँडिंग' म्हणतात. तुझ्या खर्ड्यात या दोन शब्दांची अदलाबदल झाली आहे आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता 'नेचर'च्या पहिल्या प्रकरणातला तो परिच्छेद पुन्हा काढ. दिवेलागणीची वेळ, आभाळ भरून आलेले, वितळत्या बर्फाची डबकी साचलेली, आणि इमर्सन गावाच्या उघड्या मैदानातून चालला आहे. त्या दिवशी विशेष असे काहीच घडलेले नाही, तरी त्याचे मन आनंदाने काठोकाठ भरते. थोडे पुढे, रानात, तो स्वतःला पारदर्शक डोळा म्हणतो, आणि त्याच ठिकाणी आपला क्षुद्र अहंकार नाहीसा होतो असेही सांगतो. पारदर्शक डोळ्याचे चित्र सगळ्यांच्या लक्षात राहते आणि अहंकाराविषयीचे शब्द निसटतात. तुझ्याही हातून ते निसटले. १८४१च्या निबंधसंग्रहात 'सेल्फ-रिलायन्स' (स्वतःवर विश्वास) आणि 'द ओव्हर-सोल' (परमात्मा) हे दोन्ही निबंध एकत्र छापलेले आहेत, आणि माझ्या मते दुसरा बाजूला ठेवून पहिला वाचणे हा त्या लेखकावर अन्याय आहे. स्वतःवर विश्वास ठेव असे तो सांगतो, कारण त्या 'स्व'च्या तळाशी जे आहे ते एकट्या तुझे नाही. सर्व माणसांत एकच परमात्मतत्त्व वाहते, असे तो मानतो. अहंकार आणि आत्मा यांतला भेद ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे खरे तर लवकर उमगायला हवे.

या विश्वासाची किंमतही या माणसांनी मोजली. येशूच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षरस घेण्याचा प्रभुभोजनाचा विधी आपल्या मनाला पटत नाही, म्हणून इमर्सनने १८३२ साली बॉस्टनमधल्या चर्चचे उपदेशकपद सोडले. १८३८ साली हार्वर्डच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे त्याने सांगितले की धर्माचा आधार जुन्या चमत्कारांत शोधू नका, तो आत्म्याच्या आजच्या अनुभवात आहे. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे हार्वर्डने त्याला व्याख्यानाला बोलावले नाही. स्त्रीच्या आत्म्यालाही वाढीचा तोच अधिकार आहे, हे याच मंडळातल्या लेखिका मार्गारेट फुलरने १८४५ साली पुस्तक लिहून मांडले. तिला तू एका ओळीत उरकले आहेस, ते मला बरे वाटले नाही.

इमर्सनचा तरुण मित्र आणि लेखक थोरो याच्याबद्दल तू वॉल्डन तळ्याकाठचे घर आणि एकांत एवढेच लिहिले आहेस. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा त्या घरात तीन खुर्च्या होत्या: एक एकांतासाठी, दुसरी मित्रासाठी आणि तिसरी चारचौघांसाठी. जुलै १८४६ मध्ये दुरुस्तीला टाकलेला जोडा आणायला तो गावात गेला असता, कित्येक वर्षांचा डोईपट्टी कर थकवल्याबद्दल त्याला अटक झाली. गुलामगिरी चालू ठेवणाऱ्या आणि मेक्सिकोवर चाल करून जाणाऱ्या सरकारला तो निष्ठा देणार नव्हता. कोणीतरी परस्पर कर भरला, त्याच्या इच्छेविरुद्ध. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर त्याने तो जोडा घेतला आणि मंडळींबरोबर रानातली फळे वेचायला निघून गेला. मनाला येईल तसे वागणारा माणूस करापायी तुरुंगात जात नाही, तो मुकाट्याने पैसे भरून मोकळा होतो.

या विचाराला मर्यादा नव्हत्या असे नाही. दुःखापुढे तो कितपत टिकतो, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. १८४२ साली इमर्सनचा पाच वर्षांचा मुलगा गेला, आणि दोन वर्षांनी आलेल्या 'एक्स्पीरियन्स' या निबंधात पूर्वीची खात्री तशीच राहिलेली दिसत नाही. तो निबंध तू वाचावास असे मला मनापासून वाटते.

शेवटी गीतेविषयी. हे सारे गीतेतून आले, असे कृपा करून लिहू नकोस. विल्किन्स या इंग्रजाने केलेले गीतेचे १७८५चे इंग्रजी भाषांतर इमर्सनने लक्षपूर्वक वाचले ते 'द ओव्हर-सोल' लिहून झाल्यावर. थोरोने मात्र ते तळ्याकाठी राहत असताना वाचले. त्या दिवसांवरच्या त्याच्या 'वॉल्डन' या पुस्तकातले हिवाळ्यातल्या तळ्याचे प्रकरण उघड. १८४६-४७च्या थंडीत शंभर मजूर येऊन तळ्यावरचा बर्फ कापतात, आणि तो जहाजाने दूर गेला की मद्रास, मुंबई, कलकत्त्याची उकाड्याने हैराण झालेली माणसे आपल्या विहिरीचे पाणी पिणार, असे त्याच्या मनात येते. सकाळी गीता वाचून तो पाणी आणायला जातो, तिथे गंगेकाठच्या ब्राह्मणाचा सेवक पाणी भरायला आलेला त्याला कल्पनेत दिसतो, आणि दोघांच्या बादल्या एकाच विहिरीत एकमेकींवर घासतात. 'द ओव्हर-सोल'नंतर लगेच हे पान वाच आणि मग दुसरे पान नव्याने लिही. माझी 'वॉल्डन'ची जुनी प्रत उद्या टपालाने पाठवतो. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांपैकी पहिल्या वर्षांतल्या खुणांवर विसंबू नकोस.

तुझे,
बाबा