वासाने वानर पळतील का, मोठेबाबा?

नाताल, ब्राझील
नोव्हेंबर

तीर्थरूप मोठेबाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

हलका धान कापून पुंजणे लागले असतील आणि बांध्यांमधली लाखोळी वर यायला लागली असेल. म्हणजे नाल्यापलीकडून वानरांची टोळी उतरायचे दिवस आले. त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, "तू तिकडे माकडांच्या वासाचाच अभ्यास करून राहिली ना, मग वानर पळवायचं एखादं वासाचं औषध सांग." तेवढ्यात लाइन गेली. तसंही हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी उत्तर. आठवडी बाजारात कोणी बाटलीत भरून वासाचं औषध विकत असेल, तर ते वानरांसाठी घेऊ नका. रानडुकराची गोष्ट वेगळी आहे. डुक्कर नाकावर जगतं. धुऱ्यावर न्हाव्याकडचे केस टाकले, फिनेल शिंपडलं, तर ते काही रात्री बुजतं आणि मग त्याला सवय होते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वानराचा भर डोळ्यांवर आणि कानांवर. असं का, हे मला इथल्या माकडांच्या मागे फिरतानाच नीट उमगलं.

ही माकडं तुमच्या ओंजळीत मावतील एवढीच. पूर्ण वाढलेलं जनावर तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं. कानांवर पांढरे झुपके, शेपटीवर पट्टे. शास्त्रात यांना मार्मोसेट म्हणतात, इथले लोक साग्वी म्हणतात. ती राहतात त्या रानाला कातिंगा असं नाव आहे. काटेरी झुडपं, उंच निवडुंगं आणि पाऊस संपला की पांढरट, निष्पर्ण होऊन उभं राहणारं रान. फळं नसतात, किडे कमी होतात. मग हे माकड डिंकावर दिवस काढतं. खालचे पुढचे दात पटाशीसारखे असतात. त्यांनी ते साल कोरतं, भोक पाडतं, डिंक पाझरला की चाटतं आणि पुन्हा त्याच झाडाकडे येतं. काजूच्या झाडांच्या खोडांवर अशी भोकंच भोकं दिसतात. तुम्ही धावड्याला खाच पाडून डिंक धरायला ठेवायचे, ते इथे रोज आठवतं.

माझं खरं काम या भोकांपासून सुरू होतं. डिंक चाटून झाला की माकड लगेच निघून जात नाही. त्याच जागी बसतं, बूड घासतं, कधी पोट टेकवून फांदीवरून अंग ओढत नेतं, कधी दोन थेंब लघवीही सोडतं. छातीवर, ओटीपोटाखाली आणि जननेंद्रियाभोवती त्यांच्या खास ग्रंथी असतात, त्यांतला चिकट स्राव सालीला लागतो. थोड्या वेळाने दुसरं माकड येतं, नाक लावतं, जीभही लावतं, आणि बहुतेक वेळा त्यावर आपलाही वास घासून जातं. मी ते गेल्यावर स्वच्छ कापसाच्या बोळ्याने ती साल पुसून घेते आणि काचेच्या कुपीत बंद करते. पुढे प्रयोगशाळेतलं यंत्र त्यातली रसायनं वेगवेगळी करून दाखवतं.

त्या वासात नेमकं काय असतं, याचा मोठा शोध गिझेला एपल या शास्त्रज्ञ बाईंनी घेतला. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची संस्था आहे, वास आणि चव यांचाच अभ्यास करणारी. तिथे 1970 च्या दशकात त्यांनी टॅमरिन जातीच्या छोट्या माकडांपुढे वेगवेगळ्या माकडांनी घासलेल्या काठ्या ठेवल्या आणि ती कोणती काठी जास्त हुंगतात, हे पाहिलं. साधा वाटणारा प्रयोग, पण त्यातून खूप कळलं. घासणारा आपल्या जातीचा की परका, नर की मादी, ओळखीतला कोण, टोळीत वरचा की दबलेला, एवढं सगळं ती माकडं नुसत्या काठीवरून ओळखत होती. 1977 साली त्या स्रावातली रसायनंही ओळखली गेली. त्यात स्क्वालीन होतं, जे आपल्या कातडीच्या तेलातही असतं, आणि ब्युटिरेट प्रकारातले बरेच एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनलेली रसायनं, होते. हे रेणू जड असतात, हळूहळू उडतात. घासणारा कधीचाच निघून गेलेला असला तरी त्याचा वास मागे टिकून राहतो, तो यामुळे.

वासाच्या रसायनाचा विषय निघालाच आहे तर तुमचीही एक गोष्ट. नागझिऱ्याकडून रात्री परत येताना जंगलात चूल नाही, घर नाही आणि सुवासिक भाताचा वास आला, असं तुम्ही सांगायचे. पोरं हसायची. मोठेबाबा, तो वास खरा असणार. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघ झाडावर मागच्या मागे फवारा मारतो त्याचा अभ्यास केला. बासमतीला ज्या रसायनाने सुगंध येतो तेच त्यात सापडलं. आपल्या चिन्नोरचं भांडं उघडल्यावर जो घमघमाट सुटतो, तसलाच वास वाघ झाडावर सोडून जातो. हसणाऱ्या पोरांना हे वाचून दाखवा.

वाघाचा फवारा म्हणजे हद्द, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे मीही धरून चालले होते की ही माकडंही आपला धुरा आखत असतील. रानात तसं दिसत नाही. शेजारची टोळी जवळ आली की घासणं वाढतं हे खरं, पण खुणा काही सीमेवरच नसतात. टोळीच्या अगदी मधल्या डिंकाच्या झाडांवर, झोपायच्या झाडाच्या वाटेवर, सगळीकडे असतात. परक्याला हाकलण्यापेक्षा येणाऱ्याजाणाऱ्याला खबर देणं हेच त्यांचं मोठं काम असावं, असं मला वाटतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा असतो ना, तसं. कोण आलं, कोण माजावर आहे, कोणाचा शब्द चालतो, सगळं त्यावर लिहिलेलं.

सगळ्यात मोठी खबर घरातल्या घरात जाते. एका टोळीत बहुधा एकच मादी पिल्लं देते, वर्षातून दोनदा, आणि बहुतेक वेळा जुळी. तिच्या वयात आलेल्या मुलींपैकी अनेकींचं बीज सुटणंच थांबलेलं असतं. डेव्हिड अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. अशी दबलेली मादी टोळीतून वेगळी काढली तर साधारण दहा-अकरा दिवसांत तिचं बीज सुटतं. वेगळी काढूनही मोठ्या मादीचा वास तिच्या पिंजऱ्यात पोचवत राहिलं, तर तेच सुमारे महिनाभर लांबतं. पण नुसत्या वासावरच सगळं अवलंबून आहे असंही नाही. नाकाची संवेदना बंद केलेल्या माद्या टोळीतच ठेवल्या, तर त्या तरीही दबलेल्याच राहिल्या. म्हणजे मोठीचं समोर असणं, तिचा धाक, हेही काम करतं. मला हे सगळं वाचताना त्या धाकट्या माद्यांचं फार वाटतं. त्या दिवसभर बहीण-भावंडांना पाठीवर वाहतात, त्यांना किडे भरवतात, आणि स्वतःची वेळ येईल तेव्हा येईल.

बापाचं ऐकाल तर आनंद होईल. या माकडांत पिल्लं बापच जास्त वाहतो. नुकत्याच जन्मलेल्या जुळ्यांचं वजन आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातं. एकटीने वाहणं तिला शक्यच नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप नरांना त्यांच्या स्वतःच्या पिल्लाचा फक्त वास दिला, पिल्लू दाखवलंही नाही. वीस मिनिटांत त्यांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं. हेच ते पुरुषी संप्रेरक, जे नराला भांडायला आणि माद्यांमागे पळायला लावतं. छोट्याच्या वासानेच अंगातली रग उतरते आणि बाप घरात रमतो. हे वाचून मला आमच्या बाबांची फार आठवण आली. दादाच्या पोराला खांद्यावर टाकून ते वावरभर फिरायचे तशी.

आता वानरांकडे येते. सांड गाईचं मूत हुंगून मान वर करतो आणि वरचा ओठ उचलून तसाच उभा राहतो, हे तुम्ही कितीदा पाहिलं असेल. तो वास आत ओढून नाकाच्या तळाशी असलेल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचवत असतो. तिथे अशा गंधखुणा वाचल्या जातात. बोकडही तेच करतो. इथल्या छोट्या माकडांत हे इंद्रिय अजून चालू आहे. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांचे, वानरांचे आणि आपले पूर्वज मात्र दोन कोटींहून जास्त वर्षांपूर्वी ते गमावून बसले. त्याला चालवणारा जनुकच मोडून पडला आहे, तुमच्या-माझ्यातही. आपल्या वानराला वास येतच नाही असं नाही, फळ पिकलं का हे ते हुंगून पाहतंच. पण ते फांदीला हद्दीच्या खुणा घासत बसत नाही. हुप्प्या पहाटे झाडाच्या शेंड्यावरून हूप-हूप ओरडतो, तीच त्याची हद्द. रंग, हालचाल, आवाज, माणसाचा चेहरा, याकडे त्याचं लक्ष असतं.

म्हणून बाटलीचे पैसे वाचवा. जागलीवर माणूस असणं आणि तो रोज एकाच जागी न बसणं, याला मला तरी पर्याय दिसत नाही. सांदवाडीतल्या वांग्या-टमाट्यांवर जाळी घाला. धुऱ्यावरच्या तुरीला शेंगा धरल्या की आळीपाळीने पोट्टे बसवा. आणि रामटेकला गेलात तर कृपा करून वानरांना चणे-केळी देऊ नका. रिओकडे हीच छोटी माकडं लोकांनी हौसेने नेऊन सोडली. ती फोफावली आणि तिथल्या दुर्मीळ सोनेरी टॅमरिनच्या रानात आता उपरी झाली आहेत. माणसाच्या हाताची सवय कुठल्याच माकडाला चांगली नाही.

माझं एक काम करा. टोळी आली की एखाद्या झाडाखाली शांत बसून बघा. वानर पेरूला हात घालण्याआधी नाक लावतं की नुसतं बघून, दाबून ठरवतं? पिकलेल्या आणि कच्च्या फळाला वेगवेगळं करतं का? तुमच्यासारखी नजर इथे कोणाकडे नाही. धाकट्याकडून लिहून घ्या आणि पाठवा.

मोठ्याईला नमस्कार. आजीचे गुडघे थंडीत दुखत असतील, मोहाचं तेल कोमट करून लावायला सांगा. माझी तब्येत चांगली आहे, भात रोज मिळतो, वरण स्वतः करते. चिन्नोर निघाला की दोन किलो बाजूला ठेवा, मे महिन्यात येते आहे.

तुमची लेक