मायग्रेशनच्या कागदापायी खेळाडूचा हंगाम बुडवू नका

मा. क्रीडामंत्री, कर्नाटक राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावातल्या एका कॉलेजात हॉकी शिकवतो. 1964 च्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले बंडू पाटील बेळगावचेच. इथं पोराच्या हातात स्टिक दिसली तर घरचे सहसा अडवत नाहीत. आमच्या एका फॉरवर्डला मात्र कागदानं अडवलं.

तो सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. बारावी झाली आणि वडील आजारी पडले, म्हणून उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागला. घर सावरल्यावर पगार सोडून बी.ए.ला आला, तेव्हा चोविशी उलटली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी 1 जुलैला वय पंचविशीच्या आत लागतं. म्हणजे त्याच्या वाट्याला एकच हंगाम. दोन राज्यांमधून फिरणारी मायग्रेशनची, म्हणजे एका बोर्डातून दुसरीकडे शिकायला जाण्याच्या दाखल्याची, फाइल वेळेत आली नाही, प्रवेश प्रोव्हिजनलच, म्हणजे तात्पुरता, राहिला, आणि प्रोव्हिजनल प्रवेशावर संघात घेता येत नाही. संघ गेला तेव्हा तो बस सुटेपर्यंत स्टँडवर थांबला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

वयाची अट काढा, असं मी म्हणणार नाही. नुसतं नाव घालून वर्षानुवर्षं खेळणारे कसलेले गडी मी पाहिलेत. त्यांच्यासमोर अठराची पोरं हबकतात. पूर्णवेळ नोकरदाराला मनाई आहे, तीही योग्यच. पण सीमेवरचं शिनोळी गाव ओलांडलं की राज्य बदलतं, आणि चंदगडकरांचा बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात. या मुलांनी खोटं काहीच केलेलं नाही. त्यांची बारावी सीमेपलीकडची आहे, एवढंच.

गुणपत्रिका आता डिजिलॉकरवर तपासता येते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या खेळाडूंच्या फाइली विद्यापीठांनी ऑगस्टअखेर निकाली काढाव्यात, असा आदेश उच्च शिक्षण खात्याकडून निघावा यासाठी आपण शब्द टाकावा. आणि विलंब कार्यालयाचा असेल तर त्या खेळाडूचा प्रवेश प्रोव्हिजनल धरू नये, असं या स्पर्धा घेणाऱ्या भारतीय विद्यापीठ संघाला कळवावं.

यंदा सीमेपलीकडून आणखी तीन मुलं आमच्याकडे आली आहेत. एक चांगला गोलकीपर आहे. तिघांच्या अर्जांच्या प्रती या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे.

आपला,
एक हॉकी प्रशिक्षक, बेळगाव